सामान हलवायला आलेल्या माणसांचं चहापाणी, जेवण आणि निरोप: कोकणातल्या घरांसाठी क्रमवार माहिती

टेम्पो दारात येतो तेव्हा शेगडी सुटलेली असते, कप खोक्यात गेलेले असतात आणि प्यायचं पाणी नेमकं कुठे ठेवलंय हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. मग कोणीतरी नाक्यावर पळतं आणि चहा येतो तो चौघं कपाट घेऊन अर्ध्या पायऱ्यांवर असताना. दारी आलेल्याला पाणी न विचारणारं घर कोकणात सहसा सापडायचं नाही. इथे चुकतो तो क्रम आणि वेळ. म्हणून ही मांडणी टप्प्यांनुसार केली आहे. हिशेब पाच माणसं, एक टेम्पो आणि साधारण एका दिवसाचं काम असा धरला आहे. माणसं जास्त असतील तर त्या प्रमाणात वाढवा.

टप्पा १: आठवडाभर आधी, ठरवताना

पाहुणचाराची सुरुवात मजुरी नीट ठरवण्यापासून होते. गाडी घरापर्यंत येत नसेल आणि मधे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट असेल, तर हे मुकादमाला फोनवर नुसतं सांगून भागत नाही. गाडी जिथे थांबणार तिथून घराच्या उंबऱ्यापर्यंत चालत मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि पाठवून द्या. पायऱ्या किती, वळण कुठे, बेड्याची, म्हणजे कुंपणाच्या दाराची रुंदी किती, गडग्यावर (दगडी कुंपणावर) सामान टेकवता येईल का, हे सगळं त्यात दिसतं. पाखाडीचे जादा पैसे त्याच वेळी ठरवा. सकाळी साठ पायऱ्या पाहून माणसांचं तोंड उतरलं, तर नंतर दिलेल्या चांगल्या जेवणाने ते भरून येत नाही. जेवण हे जेवणच, ते मजुरीत धरायचं नाही.

त्याच फोनवर तीन गोष्टी विचारा.

१. दुपारचं जेवण आमच्याकडे, की तुमचं तुम्ही पाहणार? काही मुकादम जेवणाचे पैसे दरात धरतात. तसं असेल तर एकतर दर कमी करून जेवण तुम्ही घाला, नाहीतर जेवण त्यांच्यावर सोपवून चहा-नाश्ता तेवढा तुमच्याकडे ठेवा.

२. त्या दिवशी कोणाचा उपास किंवा रोजा आहे का? वार सांगूनच विचारा: "सोमवार आहे, कोण काय खात नाही?"

३. माणसं कुठून येणार आणि किती वाजता निघणार? मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी चालवून येणाऱ्या ड्रायव्हरची सोय वेगळी लागते. त्याबद्दल पुढे टप्पा ३ मध्ये आहे.

तारीख ठरवताना गणपती, शिमगा आणि भातलावणीचे दिवस टाळा. त्या दिवसांत माणूस मिळाला तरी त्याचं मन स्वतःच्या घराकडे किंवा शेताकडे असतं, आणि त्याला अडवून ठेवणं बरंही नाही.

टप्पा २: आदल्या दोन दिवसांत

*वाट*

जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असेल तर दोन दिवस आधी ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने किंवा काथ्याच्या ब्रशने घासून काढा आणि धुवा. पावसाळ्यात हे न करता माणसांना वर-खाली करायला लावणं म्हणजे कोणाचा तरी पाय मोडण्याची तयारी. पायऱ्यांवर तरट किंवा गोणपाट अंथरू नका, ओलं झालं की ते पायाखालून सरकतं.

जुन्या घरांच्या चौकटी बुटक्या असतात. घरच्यांना वाकायची सवय असते, बाहेरच्याला नसते. डोक्यावर खोकं असलेला माणूस तर चौकट पाहूच शकत नाही. प्रत्येक बुटक्या चौकटीला आणि पडवीच्या पुढे आलेल्या वाशाला लाल फडकं बांधा.

मागीलदारची लाकडं, कौलांचा ढीग, वापरात नसलेलं न्हाणीघर, माळ्यावरचे जुने डबे असं जे जे हलवायचं आहे, ते आदल्या दिवशी उजेडात, पायात बूट घालून, लांब काठीने हलवून पाहा. विंचू आणि फुरसं (विषारी साप) अशाच जागी असतात. हे काम घरच्यांचं. जागा ओळखीची नसलेल्या माणसाला "तिथे हात घाल" म्हणू नये.

*पाणी*

सर्वांत जास्त चुकतं ते इथे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात वजन उचलणाऱ्या माणसाला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर पाणी लागतं. तासाला पाऊण ते एक लिटर झालं. पाच माणसं आणि सहा तास धरले तर आकडा २२ ते ३० लिटरवर जातो. "वीस लिटरचा एक जार आणलाय" हे म्हणूनच पुरत नाही. उन्हाळ्यात दोन जार ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सहसा एक पुरतो. बर्फाचं पाणी नको. माठातलं पाणी उत्तम. विहिरीचं पाणी रोज तुम्ही तसंच पीत असलात तरी पाहुण्या माणसांसाठी उकळून गार करा.

*शेवटचं खोकं*

एक खोकं असं भरा की ते जुन्या घरातून सगळ्यांत शेवटी निघेल आणि नव्या घरी सगळ्यांत आधी उघडेल. ते टेम्पोत द्यायचं नाही, तुमच्या स्वतःच्या गाडीत किंवा रिक्षात न्यायचं. त्यात:

- एक लिटरचे दोन थर्मास. एका लिटरमध्ये आठ-नऊ छोटे कप चहा होतो.
- स्टीलचे दहा पेले आणि दहा कप. माणसं, अधिक घरचे, अधिक दोन.
- गूळ, साखर, मीठ, चहा पावडर, कोकम सरबताची बाटली, शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की.
- अंगाचा साबण, धुतलेले पाच पंचे, एक बादली आणि तांब्या.
- पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, दुखण्यावरचं मलम, बॅटरी.
- पाच पाकिटं, प्रत्येकात सुट्या नोटा.

पेल्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. घरच्यांना स्टीलचा पेला आणि हमालांना कागदी कप, किंवा "ते वेगळे ठेवलेले कप" बाहेर काढणं, हे समोरच्याला लगेच कळतं, आणि ते कशामुळे चाललंय तेही कळतं. सगळ्यांना एकाच तऱ्हेची भांडी. धुवायला वेळ नसेल तर घरच्यांनीही कागदी कपच घ्यावा.

*तपासा:* शेगडी अजून जोडलेली आहे का? ती नाश्ता झाल्यावरच सोडायची. नव्या घरी वीज सुरू आहे का, पंप चालतो का, टाकीत पाणी आहे का, संडासाला आतून कडी लागते का? हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन पाहा, फोनवर विचारून नको.

टप्पा ३: सकाळी माणसं आल्यावरचा पहिला अर्धा तास

क्रम असा ठेवा.

१. पाणी आणि गुळाचा खडा. उन्हातून आलेल्याला आपल्याकडे हेच देतात. प्रवास झालेल्या माणसाला त्याने लगेच तरतरी येते.

२. नावं. प्रत्येकाचं नाव विचारा आणि दिवसभर त्याच नावाने हाक मारा. नाव विसरलं तर दादा, भाऊ. वयाने मोठा असेल तर काका किंवा मामा. बांधाबांध करायला बाई आली असेल तर ताई, मावशी. "ए", "अरे ह्या", "तो निळा शर्ट" असं बोलू नये. पोरगेल्या वयाच्या मुलालाही पहिल्या भेटीत अहो-जाहो केलेलं बरं, त्याने स्वतः सांगितलं तर मग एकेरी.

३. संडास आणि हातपाय धुवायची जागा दाखवा. "लागलं तर सांगा" म्हणू नका, कारण कोणी सांगत नाही. स्वतः सोबत जा, दार उघडून दाखवा, दिव्याचं बटण दाखवा, साबण-पाणी आहे हे दिसू द्या. संडास घराबाहेर मागच्या अंगाला असेल तर वाट दाखवणं आणखीच गरजेचं. बाईमाणूस असेल तर घरातल्या बाईने हे सांगावं आणि कपडे बदलायला एक खोली मोकळी ठेवावी.

४. विसाव्याची जागा. पडवीत सतरंजी, माठ, पेले आणि त्यांच्या पिशव्या-मोबाईल ठेवायला एक कोपरा. टेबल-पंखा असेल तर तो शेवटपर्यंत बांधू नका, इथेच लावा. तंबाखू खाणारा असेल तर मातीने अर्धी भरलेली जुनी बादली लांबवर ठेवून जागा दाखवा. नंतर भिंत पाहून चिडचिड करण्यापेक्षा हे सोपं.

५. घरभर एक फेरी. कोणतं जड, कोणतं नाजूक, कोणतं न्यायचंच नाही, हे मुकादमासोबत फिरून सांगा.

६. चहा-नाश्ता. पाच जणांना अर्धा किलो पोहे, किंवा माणशी तीन-चार घावणे आणि चटणी. पोट जड होईल असं काही नको. सकाळी बटाटेवडे आणले तर पुढचे दोन तास जळजळ आणि ढेकर.

*चपलांचं काय करायचं?* हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात अडतो. आपल्याकडे उंबऱ्याआत चप्पल नको असते आणि बरीच मुलं संकोचाने स्वतःहूनच बाहेर काढतात. वजन उचलताना अनवाणी राहू देऊ नका. फ्रिजचा कोपरा बोटावर आला तर नख जातं, हाडही जातं. उपाय क्रमात आहे: देव आधी हलवा. माणसं यायच्या आधी देवघरातले देव घरच्यांनी पाट किंवा परडीत घेऊन वेगळे ठेवावेत, देव्हारा रिकामा करावा, आणि मग स्वतःहून सांगावं, "चपला-बूट घालूनच आत या, आज घर तसंच आहे." जाण्यायेण्याच्या पट्ट्यात आतल्या कोरड्या जमिनीवर पुठ्ठा टाका आणि कडा चिकटपट्टीने घट्ट दाबा. दुमडलेल्या कडेला पाय अडकतो.

*लांबून आलेला ड्रायव्हर:* कशेडी किंवा आंबा घाट रात्री पार करून आलेल्या माणसाला आधी अंघोळीचं गरम पाणी, मग चहा, मग शांत खोलीत चटई. सामान भरेपर्यंत त्याला झोपू द्या. "जरा हात लाव रे" म्हणून त्याला उठवू नये; संध्याकाळी त्याच गाडीत तुमचं सगळं घर असतं.

*खबरदारी:* दागिने, रोकड, कागदपत्रं आदल्या दिवशीच घराबाहेर न्या. मग कोणाच्या मागे मागे फिरायची वेळ येत नाही. पाळत ठेवल्यासारखं दारात उभं राहणं हा उघड अपमान आहे, आणि वाटही अडते. कुत्रा बांधून ठेवा, "चावत नाही तो" म्हणून सोडू नका.

टप्पा ४: काम चालू असताना

घरातल्या एकाच माणसाकडे पाण्याचं काम द्या. त्या दिवशी त्याने दुसरं काहीच करायचं नाही. पाखाडी लांब असेल तर माठ आणि पेले मधल्या वळणावर, गडग्याजवळ सावलीत ठेवा. घराशी ठेवलेला माठ गाडीशी उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

पाणी द्यायचं ते हात रिकामे असताना. सामान उचललेल्या माणसाशी बोलूही नये. "दादा, चहा झालाय" ऐकून पुढचा वळतो आणि मागच्याचा तोल जातो. चहा साडेदहाच्या सुमारास, गाडीत एक खेप टेकल्यावर, सगळ्यांना एकदम. एकेकाला बोलावून चहा दिला की जोड्या फुटतात आणि काम अर्ध्यावर लटकतं.

उन्हात चहाच्या ऐवजी किंवा जोडीला कोकम सरबत ठेवा. नेहमी बाटलीतल्या एका वाटी कोकमाला चार-पाच वाट्या पाणी घालतो. इथे सहा-सात घाला आणि लिटरमागे दोन चिमट्या मीठ जास्त. गोड गच्च सरबताने तहान भागत नाही. घाम फार जात असेल, कोणाच्या पोटऱ्यात गोळे येत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, ढवळून घोट घोट. मापात चूक नको, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

*ताबडतोब थांबवा:* कोणी असंबद्ध बोलायला लागला, चक्कर आली, अंग तापलं, उलटी झाली, तर काम थांबवून त्याला सावलीत आडवं करा, सदरा सैल करा, ओल्या पंच्याने मान-काखा-अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

कपाट, फ्रिज, पलंग, घिरट (दळायचं जातं), पाटा ही जड कामं जेवणाआधी उरकावीत. जेवणानंतर भांडी, कपडे, पुस्तकांची खोकी. पुस्तकं आणि तांदूळ मोठ्या खोक्यात भरायचे नाहीत. ५० किलोचं पोतं एकाच्या पाठीवर चढवण्यापेक्षा त्याचे दोन भाग करून द्या. पाठ त्या माणसाची आहे आणि उद्याही त्याला त्याच पाठीवर कमवायचंय.

काही चुकतंय असं दिसलं तर मुकादमाला बाजूला घेऊन सांगा. चौघांदेखत ओरडल्याने खोकं नीट उचललं जात नाही. आणि ठरल्याबाहेरचं काम मधेच घुसवू नका: "आलाच आहात तर माडाची झावळं पण ओढून टाका" हे नको. हवं असेल तर पैसे विचारून, वेगळं.

टप्पा ५: जेवण

वेळ साडेबारा ते एक. दोनच्या पुढे ढकलायचं नाही. "थोडंच उरलंय, संपवूनच बसू" हे घरमालकाने म्हणू नये. मुकादम म्हणाला तर त्याच्या माणसांकडे बघून ठरवा.

त्या दिवशी घरातल्या बाईने स्वयंपाक करायचा हा हट्ट सोडा. ती सगळ्यांत जास्त दमलेली असते. जवळची खानावळ, नाहीतर वाडीतला महिला बचत गट यांना दोन दिवस आधी सांगा. सकाळी दहाला माणसांचा नक्की आकडा पुन्हा कळवा. वाड्यावस्त्यांवर ऐन वेळी पाच ताटं उभी राहत नाहीत.

प्रमाण नेहमीच्या पाहुण्यांपेक्षा मोठं धरा. पाच कष्टकऱ्यांना पाऊण ते एक किलो तांदळाचा भात, माणशी चार चपात्या किंवा दोन-तीन भाकऱ्या, दाट उसळ, आमटी, लोणचं, काकडी, आणि प्रत्येकी मोठा पेलाभर ताक. भाताला उकडे तांदूळ चालतात का हे विचारा. मालवण-कुडाळकडे ते रोजचे, पण घाटावरून किंवा उत्तरेकडून आलेल्याला त्याची सवय नसते.

मासे घालावेत का? आपल्याला वाटतं की बांगड्याशिवाय कसलं जेवण. पण दुपारच्या घाईत काटे काढत बसायला वेळ नसतो, तिखट कालवणावर भात जास्त जातो आणि मग अंग उठत नाही. पंगतीत एकजण खात नसेल तर त्याला वेगळं वाढून घ्यावं लागतं. दुपारी सगळ्यांना चालेल असं शाकाहारी, आणि काम संध्याकाळी संपणार असेल तर तेव्हा मासे, हे जास्त बरं.

उपासवाल्याला साबुदाण्याची खिचडी, केळी, ताक. रोजा असलेल्याला आग्रह करायचा नाही, त्याच्यासमोर "घोटभर तरी घ्या" म्हणायचं नाही. त्याला जड जोडीतून काढून सावलीतलं काम द्यायला मुकादमाला सांगा, आणि सूर्यास्तापर्यंत काम चाललं तर खजूर आणि पाणी तयार ठेवा.

फ्रिज रिकामा करायचा म्हणून कालची भाजी, उघडलेला जॅम, अर्धं दूध माणसांपुढे सरकवू नका. जे तुम्ही जेवणार तेच त्यांना, आणि शक्य असेल तर त्याच पंगतीत. वाढताना दुसऱ्यांदा विचारा, भात तिसऱ्यांदाही. पहिल्या वाढीला सगळे संकोचाने "बस" म्हणतात.

जेवणानंतर अर्धा तास पडवीत आडवं होऊ द्या. त्या वेळात तुम्ही खोक्यांवर खोल्यांची नावं लिहून घ्या, आवाज न करता.

*खबरदारी:* दारू नाही. "संध्याकाळी तुमची सोय करतो" हे सकाळी सांगणंसुद्धा नको. त्याच हातांनी दोऱ्या सोडायच्या असतात आणि त्याच गाडीने घाट उतरायचा असतो.

टप्पा ६: नव्या घरी

तुम्ही टेम्पोच्या आधी पोहोचा. शेवटचं खोकं उघडा, पाणी भरा, पंखा लावा, संडास दाखवा, म्हणजे टप्पा ३ छोट्या रूपात पुन्हा करा.

इथे हमखास होणारी चूक: गृहप्रवेशाचा मुहूर्त आणि गाडीची वेळ एकत्र येते. दूध उतू जायची वाट बघत माणसं उन्हात, लादलेल्या गाडीजवळ ताटकळतात. मुहूर्त असेल तर तो मुकादमाला आदल्या दिवशी सांगा आणि विधी गाडी यायच्या आधी उरका. नाही जमलं तर माणसांना आत सावलीत बसवा, प्रसाद आधी त्यांना द्या.

प्रत्येक खोलीच्या दारावर कागद चिकटवा: माजघर, मुलांची खोली, कोठार. पलंग एकदा टेकवल्यावर "तिकडे बघू कसा दिसतो" असं तीनदा फिरवायला लावू नका. कुठे काय बसणार हे खडूने जमिनीवर आखून ठेवा. चारच्या सुमारास थर्मासमधला चहा आणि चिक्की.

टप्पा ७: पैसे आणि निरोप

काम संपल्यावर आधी हातपाय धुवायला साबण, पंचा आणि पाणी. मग चहा. मग हिशेब.

ठरलेली मजुरी मुकादमाला किंवा कंपनीला, त्याच वेळी, पूर्ण. "उरलेले उद्या पाठवतो" नको. काहींना त्याच संध्याकाळी गावची एसटी धरायची असते. बक्षिसी मात्र प्रत्येकाच्या हातात वेगळ्या पाकिटात, सगळ्यांना सारखी, ड्रायव्हरलाही. शंभर ते दोनशे रुपये माणशी दिले तर कोणाला संकोच होत नाही. पाखाडी मोठी असेल किंवा पावसात काम झालं असेल तर वाढवा. सगळी रक्कम मुकादमाकडे दिली की वाटणी कशी झाली ते तुम्हाला कळत नाही. कंपनीची माणसं बक्षिसी घेऊ शकत नसतील तर सुपरवायझरला आधी विचारा आणि त्याऐवजी माणशी दोन नारळ द्या. हंगाम असेल तर आंबे, पण घरच्यांसाठी ठेवाल तसेच, डागाळलेले नव्हे.

जुने कपडे, पंखा, भांडी द्यायची असतील तर पैसे दिल्यानंतर, वेगळी ठेवून, "कोणाला उपयोगी असेल तर बघा" एवढंच. न घेतलं तर विषय संपला. घेतल्यास सोबत चिठ्ठी लिहून द्या, म्हणजे वाटेत कोणी विचारलं तर त्यांची पंचाईत होत नाही.

काही फुटलं असेल तर पाकिटं देण्याआधी मुकादमाला दाखवा, फोटो काढा, भरपाईचं बोला. त्या एका वस्तूवरून सगळ्यांची बक्षिसी कापू नका.

ड्रायव्हर परत घाट चढणार असेल तर त्याच्या थर्मासमध्ये चहा भरून द्या, पाण्याच्या दोन बाटल्या आणि लाडवांचा डबा केबिनमध्ये ठेवा. पोहोचल्यावर कळवायला सांगा, आणि रात्री त्याचा फोन आला नाही तर तुम्ही करा.